आधी फडताळ, मग कारभारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर गेला की त्याची वाद्यं पोरकी झाली असं म्हणतात. २०४४ सालात ती खरोखरच पोरकी होत होती आणि तसं त्यांना लेखी कळवलंही जात होतं. कॅनडातला एखादा तंबोरा सकाळी सकाळी मिरजेकडे विचारणा पाठवायचा, ‘माझी जवारी उतरली आहे, काय करू?’ आणि मिरजेचा सर्व्हर थंडपणे सांगायचा, ‘हा पत्ता सापडत नाही.’ सापडणार कुठून? दुकानाला कुलूप लागून दोन वर्षं झालेली असायची.

हे वाक्य त्रिशला मगदूमला सोसवत नसे. गल्लीतल्या एकोणीस दुकानांची मिळून एक संस्था होती आणि तिचा सर्व्हर सहा वर्षं त्रिशलाच सांभाळत होती. दारी आलेल्याला ‘घरात कोणी नाही’ म्हणून परत पाठवायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं.

तंबोरा विचारणा पाठवतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात. घोडी म्हणजे लाकडाचा किंवा हाडाचा छोटासा चौरंगच, पण त्याची पाठ सपाट नसते. तिला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो. तार हलताना त्या उताराला अलगद चाटत जाते आणि एका स्वराच्या पोटातून वरचे पाच-सात स्वर बाहेर पडतात. हीच जवारी. उतार केसभर चुकला तरी तंबोरा एकतर मुका होतो नाहीतर पत्र्यासारखा कोकलतो. शिवाय तारांच्या घासण्यानं तो झिजतोच, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी कानस घेऊन पुन्हा काढावा लागतो. पूर्वी त्यासाठी तंबोरा पाठीला मारून मिरज गाठावी लागे.

मग जिवंत घोडी निघाली. तिच्या पाठीखाली स्फटिकांचे पातळ थर असत. विजेचा दाब दिला की फुगायचे, काढला की आकसायचे. पोटात एक बारका कान असे. तो कान तंबोरा ऐकायचा, बिघाड वाटला तर नेटवरून मिरजेला विचारायचा, आणि मिरजेहून आकडे आले की घोडी आपली पाठ आपणच बदलून घ्यायची. सुरुवातीला हे आकडे कारागीरच ऐकून ठरवत. प्रत्येक दुकानाचा पत्ता वेगळा, प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा, आणि प्रत्येकाची बंद पडायची वेळही वेगळी.

त्रिशलानं यावर उपाय केला तो सर्व्हरच्या जगात फार जुना आहे. तिनं एकोणीस दारं बंद करून एकच दार ठेवलं. विचारणा कुठल्याही दुकानाच्या नावानं येवो, ती एकाच स्क्रिप्टकडे, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमकडे, जाईल. ती स्क्रिप्ट पत्ता वाचेल, काय हवंय ते ओळखेल आणि पुढचं काम लावून देईल. त्यासाठी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये जेमतेम दोन नियम लिहावे लागले. गल्लीतल्या बैठकीत ते समजावून सांगताना ती म्हणाली, “आपल्या वाण्याच्या दुकानात कसं असतं? मागितलेली वस्तू समोरच्या फडताळात असली तर सरळ हातात द्यायची. नसली तरच आत कारभाऱ्याला विचारायचं. आधी फडताळ, मग कारभारी. बस्स.”

फडताळ म्हणजे सर्व्हरवर खरोखर ठेवलेल्या फाइली: फोटो, दरपत्रक, असलं काहीबाही. बाकी सगळं स्क्रिप्टकडे. तेव्हापासून गल्लीनं त्या स्क्रिप्टचं नाव कारभारी ठेवलं.

आता झालं असं, की सहा हजार तंबोऱ्यांचे आवाज पहिल्यांदाच एका जागी गोळा होऊ लागले. एका कारागिराला जन्मभरात जेवढं ऐकायला मिळत नाही तेवढं कारभाऱ्यानं चार महिन्यांत ऐकलं. कुठल्या आवाजाला कुठल्या उताराचा गुण येतो हे त्याचं त्यालाच उमगलं आणि दिवाळीपर्यंत तो कारागिराला न विचारता डोळ्याची पापणी लवायच्या आत आकडे पाठवू लागला. आकडे चांगले होते. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. शंभरातले चौऱ्याण्णव लोक खूश होते. ‘हा पत्ता सापडत नाही’ हे वाक्य मिरजेहून कायमचं गेलं. संस्थेचा सेक्रेटरी आणि स्वतःही तंबोरे करणारा इम्तियाज शिकलगार यानं तर त्रिशलाला शाल देऊन नारळ दिला. खरा नारळ, सत्काराचा.

दुखलं ते फक्त एका माणसाला, आणि तो बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता.

मौलाचाचा शिकलगार, इम्तियाजचे सख्खे चुलते आणि उस्ताद, दर्ग्याकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर बसत. वय एकोणसत्तर. जवारी काढायला आलेल्या माणसाला ते आधी चहा देत. चहा होईपर्यंत घरच्या चौकशा, पोराबाळांची लग्नं, ऊसपाणी. मग म्हणत, “हां, आता सा लावा.” माणूस गाऊ लागला की ते तंबोऱ्याकडे बघतच नसत, माणसाकडे बघत. मग कानस उचलत. एका जवारीला अर्धा दिवस. लहानपणी शाळेतून येताना त्रिशला त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून बोरं खात हे बघायची, आणि बिया रस्त्यावर टाकल्याबद्दल शिव्याही खायची.

कारभारी आल्यापासून आठ महिन्यांत त्या फळीवर कोणी बसलं नव्हतं. फेब्रुवारीत एका दुपारी त्रिशला गेली तर चाचा कानशी तेल लावून फडक्यात गुंडाळत होते.

“एक एप्रिलला हुबळीला निघालो,” ते म्हणाले. “लेक बोलवायलीय कवापासनं. दुकान इम्तियाज बघंल, न्हाईतर भाड्यानं दील.”

“चाचा, हे माझ्यामुळं झालं.”

“तुझ्यामुळं कशाला? लोकांचं काम घरबसल्या व्हायलंय, बेस झालं की. मी काय रुसलोय व्हय?”

रुसले होतेच. कानशी गुंडाळायची एवढी घाई न रुसलेल्या माणसाला नसते. त्रिशलाला रडू आलं आणि ते लपवायला ती म्हणाली, “निदान तुमच्या वह्या तरी द्या. संस्थेच्या पानावर ठेवते. तुमची आठवण म्हणून.”

“मेलोय का मी? बरं, ने.”

चाचांच्या वह्यांत एका तंबोऱ्याला एक पान होतं. गल्लीची रीतच अशी, की भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली चिकटवण्याआधी आत एक चिठ्ठी लावायची, तिच्यावर वाद्याचा आकडा, आणि वहीतल्या पानावरही तोच आकडा. कागदाला वेगळा नंबर देणं म्हणजे एका पोराला दोन बारशी करण्यासारखं. जिवंत घोडी बसवलेल्या चारशे बारा तंबोऱ्यांची पानं त्रिशलानं स्कॅन केली आणि प्रत्येक फाइलीला वाद्याचाच आकडा दिला. दुसरा द्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

चाचा शेजारी बसून बघत होते. “आकड्याच्या मागं ह्ये जेपीजी का काय लागलंय?”

“ते चित्र आहे हे कळायला लागतं, चाचा.”

“माझ्या पानाला शेपूट नगं. दोनशे सतरा म्हंजी दोनशे सतरा.”

म्हाताऱ्याची हौस म्हणून तिनं शेपट्या छाटल्या आणि सगळी पानं ‘मौला’ नावाच्या फोल्डरमध्ये, सर्व्हरच्या उघड्या भागात ठेवली. मनाला थोडं बरं वाटलं. ती पानं कोणी उघडून बघेल, असं तिला वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी इम्तियाज तिच्या ऑफिसात आला तो फोन नाचवतच.

“वाच! पुण्याचे प्रभंजन राजवाडे. म्हणतात, तुमच्या यंत्रणेनं माझी बदनामी केली. वकील लावतो म्हणालेत!”

त्रिशलानं फोन घेतला. राजवाड्यांच्या तंबोऱ्यानं रीतसर विचारणा पाठवली होती. उत्तरात आकड्यांऐवजी एक पिवळट पान आलं होतं. घोडीला ते वाचता आलं नाही, म्हणून ती जागच्या जागी राहिली, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं राजवाड्यांच्या फोनवर उमटलं. चाचांचं अक्षर होतं: आकडा, नाव, गाण्याची पट्टी आणि मग मनातलं.

‘३०५. राजवाडे, पुणे. काळी एक. आवाज मोठा, रियाज नाही. तंबोरा बोलत नाही म्हणतात. घडीभर गप बसून त्याचं ऐकलं तर बोलंल. नाचता येईना अंगण वाकडं.’

त्रिशला आधी खळखळून हसली. मग तिची नजर पत्त्यावर गेली. तंबोऱ्याची विचारणा ज्या पत्त्यावर येत होती तो पत्ता होता ‘मौला’ आणि पुढे वाद्याचा आकडा. तिनं पानं ठेवली होती तीही ‘मौला’मध्ये, वाद्याच्याच आकड्यांनी, बिनशेपटीची. सर्व्हर बिचारा नियमानं वागला. मागितलेली वस्तू फडताळात आहे का? आहे. मग दिली हातात. तीन आठवडे चाचांच्या एकाही तंबोऱ्याची विचारणा कारभाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

“म्हणजे चारशे बारा लोकांना चाचांची वही गेली?” इम्तियाजनं तिच्या हातातला फोन हिसकावला. “आत्ताच्या आत्ता काढ ती पानं.”

“एका मिनिटाचं काम आहे. पण चाचांना आधी सांगितलं पाहिजे. वही त्यांची आहे.”

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“माझी वही लोकांनी वाचली? अगं पोरी, ती काय लोकांनी वाचायची असती व्हय? माझ्या बायकोनंबी कधी उघडली न्हाई. मनातलं लिवलंय त्यात. कोण कसा बसतो, कोण काय लपवतो.” त्यांनी डोळे पुसले. “जाताना तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. काढ. आत्ता काढ.”

त्रिशला मान खाली घालून उठली. तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि पन्नाशीच्या एक बाई गवसणीतला तंबोरा सांभाळत उतरल्या. नागपूरच्या मंदाकिनी हुद्दार. चाचांनी अकरा वर्षांपूर्वी त्यांना तंबोरा करून दिला होता.

“बाई, माफ करा,” चाचा हात जोडून उभे राहिले. “चूक झाली. तुमास्नीबी आलं असंल ते पान.”

“आलं ना.” बाईंनी फोन काढून वाचून दाखवलं. “‘दोनशे सतरा. मंदाकिनीबाई. काळी पाच. हसल्या की स्वर उघडतो. डावा खांदा वर धरून बसतात, वरचा सा तिथं अडतो. आता सांगितलं तर घाबरतील. पुढच्या खेपेला चहा पिताना सांगायचं.’” त्यांनी फोन खाली केला. “चाचा, पुढची खेप झालीच नाही. घोडी आली आणि मी यायची थांबले.”

चाचांनी फळीवर फडकं मारून त्यांना बसायला जागा केली.

“दोन वर्षं झाली, माझा वरचा षड्ज लागत नाही. डॉक्टर झाले, काढे झाले. कारभाऱ्यानं सहा वेळा जवारी बदलून दिली. दर वेळी तंबोरा सुरेख वाजला. मीच वाजत नव्हते.” बाईंचा आवाज ओला झाला. “पुढच्या महिन्यात गाणं सोडणार होते. शिष्यांना सांगूनसुद्धा टाकलं होतं. आणि परवा हे पान आलं. रात्रभर आरशासमोर बसले होते मी. खांदा खरंच वर असतो हो.”

त्रिशला दारातच थांबली. कारभाऱ्याचं काय चुकलं होतं? काही नाही. त्याला जे ऐकू येतं त्याचं उत्तर तो अचूक देतो. त्याला तंबोरा ऐकू येतो. समोर बसलेलं माणूस कसं बसलंय, हे त्याला विचारायला तिनंच सांगितलं नव्हतं, कारण ते विचारायचं असतं हे सहा हजार तंबोऱ्यांच्या आवाजात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

चाचांनी घसा खाकरला. “चहा घेणार न्हवं?”

मग पुढचा अर्धा दिवस तिथून कोणी हललं नाही. चहा झाला, बाईंच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय ते झालं, संत्र्याच्या भावाची चर्चा झाली. चाचा बोलता बोलता त्यांच्या मागे गेले, डाव्या खांद्यावर दोन बोटं नुसती टेकवली आणि म्हणाले, “हां, आता सा लावा.” खांदा उतरला. बाईंनी सा लावला, मग पंचम, मग हळूच वर गेल्या. वरचा सा लागला तेव्हा त्यांनाच आधी खरं वाटेना, गायचं सोडून त्या हसायला लागल्या, आणि चाचा रागावले, “हसू नका, धरा, धरा!” मग त्यांनी जिवंत घोडीची वीज बंद केली, गुंडाळलेल्या कानशी सोडल्या आणि या आवाजासाठी, या खांद्यासाठी उतार काढायला बसले. इम्तियाज आलेला होता वकिलाच्या भीतीनं, पण तोही फळीवर बसून बघत राहिला. संस्थेच्या कामात पडल्यापासून, सहा वर्षांत, त्यानं चाचांचा हात चालताना पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्रिशला सर्व्हरपुढे बसली, पण पानं काढायला तिचा हात होईना. संस्थेच्या सामाईक पत्त्यावर एक्केचाळीस पत्रं येऊन पडली होती, ती तिनं उघडली. दोघे-तिघे चिडलेले होते. बाकीचे विचारत होते, ‘मौलाचाचा अजून बसतात का?’ ‘कधी आलेलं चालेल?’ एका पत्रात एवढंच होतं, ‘माझ्याबद्दल इतकं कोणी लिहून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी तिनं ती सगळी पत्रं छापून चाचांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून एक न् एक वाचलं. दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, “पानांतल्या काही वळी काढून टाकायला पायजेत. कुणाच्या घरचं हाय ते. बाकी त्यास्नीच इचार.”

तिनं तसंच केलं. तोवर सगळी पानं बाजूला काढून ठेवली आणि चारशे बारा जणांना लिहिलं, की चूक माझी आहे. तुमचं पान तुमच्याशिवाय कोणाला दिसणार नाही. यापुढे तुमच्या तंबोऱ्याला कारभाऱ्याचे आकडे हवेत की चाचांचं पान, ते कळवा. सव्वादोनशे लोकांनी आकडे मागितले. टोरांटोहून चहाला यायचं म्हणजे विमानाचा प्रवास, त्यांचंही बरोबर होतं. एकशे सत्याऐंशी जणांनी पान मागितलं. त्यांची पानं तिनं परत फडताळात ठेवली, फक्त प्रत्येक पानाला ज्याच्या त्याच्या तंबोऱ्याचंच कुलूप घातलं. पण त्या दोन नियमांतला एक शब्दसुद्धा बदलावा लागला नाही. नियम पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता; फडताळात ठेवण्याजोगं काही आपल्याकडे आहे, हेच गल्ली विसरली होती.

राजवाडे भांडायला म्हणून स्वतः आले आणि तीन दिवस राहिले. पहिल्या दिवशी चाचांनी त्यांना चहा देऊन तंबोऱ्यापुढे तासभर गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी ते आपणहून गप्प बसले. जाताना पान तसंच राहू द्या म्हणाले, फक्त ती म्हण तेवढी खोडा. चाचांनी खोडली, पण अशी बारीक रेघ मारून की खालचं नीट वाचता यावं.

एक एप्रिल आला. चाचांनी लेकीला फोन केला, “आता जमंना झालंय बघ. फळीवर मानसं बसल्यात. रमजान झाल्यावर बघू.” पलीकडून लेक रागावली असावी, कारण चाचा बराच वेळ नुसते “हां, हां” करत हसत होते.

जूनमध्ये एका सकाळी इम्तियाज कोरी वही घेऊन त्रिशलाच्या ऑफिसात आला.

“माझीपण पानं ठेव फडताळात. पाचशे चाळीस तंबोरे आहेत माझे.”

“ठेवते की. लिहून दे.”

तो तिथंच टेबलाशी बसला. पहिल्या पानावर आकडा घातला. त्यापुढे नाव लिहिलं, ‘वैदेही निंबकर, सातारा’. पुढे ‘काळी चार’. तिथं त्याचं पेन थांबलं. त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. अर्ध्या तासानं चाचा कशाला तरी डोकावले तेव्हाही पानावर एवढंच होतं.

“काय लिहू, चाचा?”

“बसती कशी ती?”

“माहीत नाही.”

“गाताना डोळं मिटती का उघडं ठिवती?”

“मी पाहिलंच नाही हो. ऑर्डर नेटवर आली, घोडी बसवली, पाठवून दिला. पुढचं सगळं कारभाऱ्यानं बघितलं.” इम्तियाज वहीची पानं उगाच पुढे उलटत राहिला. “पाचशे चाळीस तंबोरे. एकाचाही माणूस मला ठाऊक नाही.”

त्रिशलाला वाटलं, चाचा आता त्याला चांगलं सुनावतील. पण त्यांनी खुर्ची ओढली, पुतण्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मग फोन लाव की. नंबर तर हाय न्हवं?”

नंबर होता. इम्तियाजनं फोन लावला. पलीकडे बाईंचा आवाज आला तसा तो उगीचच उठून उभा राहिला.

“नमस्कार. मी मिरजेहून इम्तियाज शिकलगार बोलतोय. तुमचा तंबोरा मी केलाय... नाही नाही, तंबोऱ्याचं काही नाही, तो ठीक आहे. तुम्ही कशा आहात, ते विचारायला फोन केला.”

मग वैदेहीबाई बोलायला लागल्या त्या बराच वेळ थांबल्याच नाहीत. इम्तियाज खाली बसला आणि लिहू लागला.